काउंटी संघात ‘लीड’ दिलंय, म्हणजे खाली उतरवलंय का?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये राहतात. चार उन्हाळे क्लबात लॉन बोल्स (हिरवळीवर जॅक नावाच्या छोट्या चेंडूच्या जवळात जवळ आपले मोठे बोल घरंगळत न्यायचे, तो खेळ) खेळलेत आणि तिथे बहुतेक वेळा स्किप, म्हणजे शेवटी टाकणारे कर्णधार, असतात. यंदा काउंटीच्या मिडलटन कप (काउंट्यांची आपसातली राष्ट्रीय स्पर्धा) संघात निवड झाली, काउंटी गटातून वर आली आणि आता लेमिंग्टनला राष्ट्रीय फायनल्समध्ये खेळायचंय. संघाची यादी लागली तेव्हा यांच्या नावापुढे ‘लीड’, म्हणजे चौघांत सर्वांत आधी टाकणारा. हे खाली उतरवणं आहे का, क्लबच्या खेळापेक्षा तिथे काय वेगळं असतं, आणि हातातल्या तीन आठवड्यांत काय करावं?

मी या खेळात 22 वर्षं आहे. काउंटीकडून लीड, सेकंड आणि थर्ड अशा तिन्ही जागी खेळलोय. स्किप कधी झालो नाही आणि त्याचं वाईटही वाटत नाही. लीडचंच आधी घेतो, कारण खरं दुखणं तेच दिसतंय.

पण त्याआधी थोडं गणित, कारण ते कळल्याशिवाय लीड कळत नाही. क्लबात तुम्ही चौघं खेळता, चौघं जिंकता नाहीतर हरता, संपलं. मिडलटन कपात काउंटीचे 24 जण उतरतात, चौघांच्या सहा चौकड्या. (हिरवळीवरच्या पट्टीलाही रिंक म्हणतात आणि तिच्यावर खेळणाऱ्या चौघांनाही, म्हणून मी इथे चौकडी म्हणतोय. चांडाळ हे विशेषण ज्याने त्याने ठरवावं.) सहा पट्ट्यांवर एकाच वेळी सहा लढती चालतात आणि बाद फेरीत शेवटी सगळ्यांचे शॉट्स एकत्र मिळवतात. (शॉट म्हणजे गुण: समोरच्यांच्या सर्वांत जवळच्या बोलापेक्षा जॅकच्या जवळ असलेला आपला प्रत्येक बोल म्हणजे एक शॉट.) म्हणजे सहापैकी चार चौकड्या हरूनही काउंटी जिंकू शकते आणि पाच जिंकूनही घरी जाऊ शकते. तुमची चौकडी हरणारच असेल, तर 4 शॉट्सनी हरली की 14 नी, यावर दुसऱ्या टोकाच्या पट्टीवर खेळणाऱ्या माणसाचं मेडल ठरतं. त्याचं नावही कदाचित तुम्हाला धड आठवत नसेल.

याला आपल्याकडे फार छान शब्द आहे: खडूस. मुंबईचं क्रिकेट ज्यासाठी ओळखलं जायचं तो खडूसपणा. विकेट मिळाली नाही तर नाही मिळाली, पण धाव देणार नाही. 1964 साली मद्रासच्या कसोटीत बापू नाडकर्णींनी इंग्लंडविरुद्ध सलग 21 षटकं निर्धाव टाकली. त्या डावातले त्यांचे आकडे 32 षटकं, 27 निर्धाव, 5 धावा, बळी शून्य. आमच्या सामन्यालाही पूर्वापार 21 एंड (दोन्हीकडचे सगळे बोल टाकून झाले की एक एंड) असतात, हा योगायोग मला फार आवडतो. काउंटीला लीड म्हणून नेमका हाच माणूस हवा असतो.

क्लबात लीड नवख्याला देतात, हे खरं आहे. ‘पहिले दोन टाक, जॅकच्या आसपास कुठेतरी ठेव, बाकी आम्ही बघतो.’ त्यामुळे लीड म्हणजे पायरीची जागा असा समज होतो. काउंटीत उलट आहे. तिथे निवड समिती आधी स्किप ठरवते आणि लगेच त्या स्किपला विचारते, लीड कोण हवा? मधले दोघं त्यानंतर बसवतात. लीडकडे दोन कामं असतात, जॅक टाकणं आणि आपली दोन वुड जॅकजवळ नेणं. पहिल्या कामाचा सराव कुणीही करत नाही. तुम्ही केला असेल तर हात जोडतो.

(वुड म्हणजे आपला बोल. एकेकाळी ते लिग्नम व्हायटी नावाच्या जड लाकडाचे असायचे. आता सगळे कृत्रिम पदार्थाचे आहेत, पण जुन्या क्लबांत तोंडी शब्द वुडच राहिलाय. मीही तोच वापरतो.)

जॅक नियमाप्रमाणे मॅटपासून (टाकणारा जिच्यावर उभा राहतो ती) किमान 23 मीटर जायला हवा, आणि पुढे साधारण 34-35 मीटरपर्यंत जागा मिळते. या 10-12 मीटरांत स्किपला नेमकं कुठे हवंय, ते तो हात वर करून दाखवतो. प्रतिस्पर्ध्याचा स्किप लांब पल्ल्यावर चुकत असेल तर लांब. त्याच्या लीडला आखूड पल्ला जमत नसेल तर मॅट पुढे घेऊन आखूड. तुमचा जॅक दोन मीटर इकडेतिकडे गेला की अख्खा बेत कोलमडतो आणि समोरच्याला हवा तो पल्ला आयता मिळतो. माझ्या माहितीतला एक लीड दिसायला अगदी साधा होता. हात थोडा वाकडा जायचा, वुडही फार सुंदर पडत नसत. पण जॅक मात्र स्किपच्या पायाशी. तो काउंटीकडून 15 हंगाम खेळला आणि त्याला कुणी हलवू शकलं नाही.

आता वेगळं काय असतं ते. पहिली गोष्ट, लेमिंग्टन. स्पेलिंग बघून लीमिंग्टन म्हणू नका, लगेच कळतं की पहिल्यांदा आलाय. व्हिक्टोरिया पार्क, लीम नदीच्या काठाला लागून. नदी लीम आणि गाव लेमिंग्टन, इंग्रजांचं त्यांनाच ठाऊक. पूर्वी पुरुषांच्या फायनल्स समुद्रकाठी वर्दिंगला व्हायच्या आणि बायकांच्या इथे. 2008 मध्ये दोघांच्या संघटना एक होऊन बोल्स इंग्लंड झाली आणि पुढे सगळंच इथे आलं. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेतलं बोल्सही याच हिरवळींवर झालं. भारताच्या चौघी, लव्हली चौबे लीड, पिंकी सेकंड, नयनमोनी सैकिया थर्ड आणि रूपा राणी तिर्की स्किप, इथेच सुवर्णपदक जिंकल्या. त्या दिवशी मी तिकीट काढून काठावर बसलो होतो. फायनलमध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्ध 8-2 अशी आघाडी होती, ती गेली, 8-10 असे मागे पडलो, आणि तिथून समोरच्यांना एकही शॉट न देता 17-10. तो सामना 15 एंडांचा होता. मी ‘शाब्बास पोरींनो’ असं जोरात ओरडलो तेव्हा शेजारच्या आजीबाईंनी आपली पिशवी सावरून घेतली.

तुम्ही त्याच गवतावर उभे राहणार आहात. पण त्याचं दडपण घेण्याचं कारण नाही, कारण तिथलं गवत कुणाच्याच घरचं नाही, आणि वेगळेपणा आहे तो इथेच. आपल्या क्लबची हिरवळ आपल्याला तोंडपाठ असते. तीन नंबरच्या पट्टीवर डाव्या बाजूने वुड सरळच जातं, चर्चच्या बाजूने वारा आला की एक हात जास्त रुंद घ्यायचा, वगैरे. लेमिंग्टनला पट्टी नशिबाने मिळते आणि कडेची मिळाली तर एक बाजू हमखास विचित्र वागते. मग ही माहिती गोळा कोण करणार? पहिलं वुड टाकणारा. पहिल्या चार एंडांतली तुमची आठ वुड म्हणजे चौकडीच्या डोळ्यांपुढची पहिली माहिती असते. वुड टाकून नुसतं बाजूला होऊ नका. सेकंडला दोन शब्दांत सांगा: ‘फोरहँड ओढतोय, बॅकहँड सरळ.’ (उजव्या हाताने टाकणाऱ्याची उजवी बाजू फोरहँड, डावी बॅकहँड.) एवढंच. तंत्रावरचं व्याख्यान कुणाला नको असतं.

हिरवळीच्या वेगाबद्दल मराठी मंडळींचा एक गोंधळ नेहमी होतो, माझाही झाला होता. वेग सेकंदांत सांगतात आणि तो उलटा वाचायचा असतो. ‘आज ग्रीन 12 ची आहे’ म्हणजे सुमारे 27 मीटरवर जाऊन थांबायला वुडला 12 सेकंद लागतात. आकडा मोठा म्हणजे ग्रीन वेगवान. हे ऐकायला चमत्कारिक वाटतं, पण गवत गुळगुळीत असलं की वुड अगदी हळू सोडलं तरी पोचतं, रेंगाळत जातं आणि बायसला, म्हणजे वुडच्या एका बाजूला वळण्याच्या कलाला, ते वळवायला भरपूर वेळ मिळतो. न्यूझीलंडमध्ये 15 च्या वर जाते. इंग्लंडमध्ये साधारण 10 ते 12, आणि पाऊस पडून गेला की त्याहून खाली, म्हणजे ढकलावंच लागतं. ऑगस्टअखेर सकाळी दव असतं, दुपारी ऊन पडलं तर तेच गवत सुटतं, चारला पुन्हा सर आली की जड. एकाच सामन्यात तीन ग्रीन. जो लीड दहाव्या एंडलाही पहिल्या एंडच्याच जोराने टाकत राहतो, त्याची वुड दीड मीटर पुढे जाऊन बसतात आणि तो गवताला शिव्या घालतो.

आता माझी एक गोष्ट सांगतो, कारण गणिताचा मुद्दा मला त्या दिवशी कळला आणि त्याची किंमत 23 जणांनी मोजली.

उपांत्य सामना होता. मी थर्ड, म्हणजे हेडजवळ (जॅक आणि त्याभोवती जमलेली वुड) उभं राहून मोजमाप करणं आणि स्किपला सल्ला देणं हे माझं काम. आमची चौकडी मजेत होती, विसाव्या एंडला नऊ शॉट्सनी पुढे. हेडमध्ये समोरच्यांचं एक वुड जॅकपासून वीतभर, आमचं एक त्याच्या लगेच मागे, तळहाताएवढं अंतर. बाकी त्यांची चार आजूबाजूला पसरलेली, आमची इतर आखूड. म्हणजे तसंच सोडलं असतं तर एक शॉट गेला असता, बस. स्किपकडे शेवटचं वुड होतं. तो मॅटवरून विचारतोय, काय करू? आणि माझ्यातला कॅरमवाला जागा झाला. कोल्हापुरात गल्लीतल्या मंडळात संध्याकाळ-संध्याकाळ स्ट्रायकर मारण्यात गेलेली. समोर सोंगटी दिसली की हात शिवशिवतो. मी हाताने खूण केली: ड्राइव्ह. मार जोरात, उडव त्यांचं.

त्याने मारला. सुरेख मारला, पण वीतभर डावीकडे. लागला आमच्याच वुडला, ते थेट हिरवळीच्या टोकाच्या खंदकात गेलं, म्हणजे बाद. त्यांचं जागचं हललंसुद्धा नाही. मी टेप काढायचीही गरज नव्हती. एकाच्या जागी पाच. शेवटचा एंड आम्ही सावधपणे एकच शॉट देऊन संपवला आणि सामना तीन शॉट्सनी जिंकलो. हस्तांदोलनं झाली, आम्ही चौघं खूष. मग मोठ्या फलकाकडे पाहिलं. सहा रिंकांची बेरीज झाली होती आणि काउंटी तीन शॉट्सनी हरली होती.

पाचातून एक वजा केला तर चार. कुणी मला एक शब्द बोललं नाही. मॅनेजर फक्त म्हणाला, ‘हवा चांगली राहिली ना.’ इंग्रज माणूस हवेवर बोलायला लागला की समजावं.

तेव्हापासून मी हेडकडे बघताना आधी विचारतो, इथे जास्तीत जास्त किती जाऊ शकतात? किती मिळतील ते नंतर. लीडला हा हिशेब लागू होतो तो असा: तुमची दोन्ही वुड जॅकच्या एका मॅटच्या आत असतील, तर समोरच्यांना पाच-सहा मिळवणं जवळपास अशक्य होतं. तुमचं वुड शॉट नसेल, दुसरा शॉट असेल, तिसरा असेल, चालेल. ते तिथे आहे म्हणून त्यांची गिनती थांबते. फलकावर तुमचं नाव कुठेच येणार नाही. चौघांच्या खेळात एका एंडला आठपर्यंत शॉट जाऊ शकतात हे लक्षात घ्या, आणि मग ‘फक्त एक गेला’ हे वाक्य किती मोलाचं आहे ते बघा.

तीन आठवड्यांत काय करायचं ते आता सोपं आहे. मॅट 60 सेंटिमीटर लांब असते. क्लबात एकटे जा, जॅक टाका, दोन वुड टाका, आणि दोन्ही जॅकपासून एका मॅटच्या आत आहेत का ते मोजा. दोन्ही आत आली तरच खूण. असे 21 एंड. पहिल्या दिवशी चार-पाच खुणा झाल्या तरी हिरमुसू नका. प्रत्येक एंडला पल्ला बदला, पण जॅक टाकायच्या आधी मोठ्याने बोला: ‘27 मीटर’, ‘32 मीटर’. मग पावलांनी मोजून बघा किती चुकला. आणि एकच हात पक्का करा. लीडने फोरहँड-बॅकहँड सारखे बदलू नयेत. स्किप सांगेल तेव्हाच बदला.

ड्राइव्हचा सराव या तीन आठवड्यांत अजिबात करू नका. तुम्हाला तो लागणार नाही.

शरीराचं म्हणाल, तर लोक हसतात, म्हाताऱ्यांचा खेळ म्हणून. 21 एंडांत 42 वुड, प्रत्येकी दीड किलोच्या आसपास, म्हणजे जमिनीपर्यंत वाकून साठेक किलो वजन हातातून सोडायचं, आणि मध्ये तीन-साडेतीन तास उभं राहायचं. लीडचा त्रास आणखी वेगळा: तुमचं काम एंडच्या पहिल्या दोन मिनिटांत संपतं आणि पुढची सात-आठ मिनिटं तुम्ही काठावर थंड होत जाता. मग पुढच्या एंडला पहिलं वुड आखूड पडतं. यावर माझा उपाय म्हणजे पातळ स्वेटर, आणि सेकंड-थर्ड टाकत असताना दोन-तीनदा गुडघ्यात वाकून उठणं. दिसायला खुळ्यासारखं दिसतं, पण करा.

दोन सामने एका दिवसात पडले तर मधल्या वेळात जोडे काढून बसा. कोरडे मोजे न्या. दोन कापडं न्या, एक वुड पुसायला आणि दुसरं पहिलं भिजल्यावर.

फलकाकडे बघावं का, असाही प्रश्न असतोच. माझं मत: लीडने बघू नये. बेरीज मॅनेजर ठेवतो आणि गरज पडली तर स्किपच्या कानात सांगतो. काउंटी 20 ने मागे आहे हे कळून तुम्ही वेगळं काय करणार? जॅकजवळच टाकणार ना? मग नकोच ती माहिती.

आणि कृपा करून वुड हातात घेतल्यावर त्यावरची छोटी चकती (बायसची बाजू दाखवणारी खूण) कुठल्या बाजूला आहे ते बघा. दर वेळी. माझ्या पहिल्या लेमिंग्टनवारीत तिसऱ्याच एंडला मी बायस उलटी धरून वुड सोडलं. ते वळत वळत शेजारच्या पट्टीवर, दुसऱ्या काउंटीच्या हेडकडे निघालं. तिथल्या माणसाने ते अलगद पायाने अडवलं, उचललं, पुसलं आणि मला आणून दिलं. ‘दुपार शुभ असो’ असंही म्हणाला. शेदीडशे लोक बघत होते.

घरच्यांना कसं समजावायचं, हे तुम्ही ओझरतं लिहिलंय. ‘काउंटी’ म्हटलं की भारतात लोकांना काउंटी क्रिकेट आठवतं, तोच धागा धरा. दोन्हीकडच्या काउंट्या नकाशावरच्या जिल्ह्यांना जुमानत नाहीत. मिडलसेक्स प्रशासनातून 1965 मध्ये गेलं, तरी क्रिकेटमध्येही आहे आणि बोल्समध्येही. आणि सासरेबुवा फारच नाक मुरडत असतील तर सांगा, इंग्लिश बोलिंग असोसिएशन 1903 मध्ये स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष डब्ल्यू. जी. ग्रेस होते. दाढीवाले, तेच.

सामना संपला की आपल्या समोरच्याला, म्हणजे त्यांच्या लीडला, एक पेय विचारायची पद्धत आहे. हरलात तरी, जिंकलात तरी. बिअरच घ्यायला हवी असं नाही, मी 22 वर्षं लेमोनेडवर काढली आहेत. जेवण सगळ्यांचं एकत्र असतं आणि मग भाषणं. शाकाहारी असाल तर मॅनेजरला या आठवड्यातच कळवा, त्या दिवशी सांगून उपयोग नसतो. नाहीतर हॅम-सॅलडच्या ताटातलं हॅम उचलून घेतात, आणि उरलेलं तेच ताट हसतमुखाने तुमच्यापुढे परत ठेवतात.